मंजूर झालेलं कर्ज

हल्ली दुपारी जेवून अंमळ पाठ टेकली की फोन वाजतो. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते की मॅडम, तुमचं कर्ज मंजूर झालेलं आहे, फक्त हो म्हणा. मी काही मागितलेलं नसतं. मंचरच्या या फ्लॅटमध्ये मुलगा आणि सून कामावर जातात, नातू शाळेत, आणि मला पेन्शन पुरून उरते. सून म्हणते, आई, असले फोन उचलूच नका. पण मी उचलते, आणि 'मंजूर झालंय' हे दोन शब्द ऐकले की फोन ठेवल्यावर पाठ पुन्हा टेकवत नाही. ती पोर बिचारी पोटासाठी बोलते, तिचा काय दोष? हेच शब्द मी तेरा-चौदा वर्षांची असताना आमच्या अंगणात माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकले होते. ते खोटे होते, हे त्या अंगणात त्यांच्याखेरीज एकट्या मला ठाऊक होतं.

आमची वाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत होती. होती असंच म्हणायला हवं, कारण आज तिथे धरणाचं पाणी आहे. वीस-बावीस घरं, सगळी एकाच भावकीची. एसटी शेवटच्या थांब्यावर सोडायची, तिथून दोन तास पायी. आमचं घर कारवीच्या कुडाचं, वरून शेणामातीनं लिंपलेलं. मधल्या कुडाच्या पलीकडे धोंडूतात्याचं बिऱ्हाड. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ, पण दोघे एकाच ताटात जेवून वाढलेले. त्या कुडातून सगळं आरपार ऐकू यायचं. तात्याचा खोकला, ठकाकाकीचं पोरांवर करवादणं, नागलीची भाकरी थापल्याचा आवाज. आमच्याकडे खेकड्याचं कालवण शिजलं की पलीकडून काकी वाटी सरकवायची, विचारायची सुद्धा नाही. तिच्याकडे वरईचा भात असला की आमची आई तेच करायची. आग लागत नसली तर निखारे इकडून तिकडे जात. मी त्या काळातलं काय विसरले आणि काय नाही याचा हिशोब लागत नाही, पण तो कुड डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि मुसळाचा आवाज. पहाट झाली की वाडीभर बायका भात कांडायला लागत. दिवसाला लागेल तेवढाच भात आदल्या संध्याकाळी भरडायचा आणि पहाटे उखळात सडायचा. आईच्या उजव्या खांद्याला गाठ आली होती. ती चोळत चोळत ती म्हणायची, पुढल्या जल्मी देशावर दे रे देवा, तिथं गिरणी असती. देशावर म्हणजे घोडेगाव, मंचर, तिकडचा सपाट मुलूख. तिथे भाताची गिरणी होती, पण डोक्यावर पोतं घेऊन दिवसभराची पायपीट कोण करणार? माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या डोक्यात गिरणीचं वेड शिरलं ते आईच्या त्या खांद्यामुळे. आपल्या वाडीत डिझेल इंजिनवरची गिरणी टाकायची, पंचक्रोशीच्या बायकांच्या हातातलं मुसळ सुटलं पाहिजे. त्यासाठी कर्ज लागणार होतं, आणि कर्ज म्हटलं की दादांची छाती फुगायची.

याचं कारण बँक. घोडेगावच्या बँकेत आमच्या वाडीतलं पहिलं पासबुक दादांचं. दरवर्षी बियाण्याला थोडं उचलायचे आणि रानात वेचलेल्या हिरड्याचे पैसे आले की होळीच्या आत चुकतं करायचे. एकदाही मागेपुढे झालं नाही. वाडीतल्या बाकीच्यांना तेच बँकेत घेऊन गेले, कागदावर ओळखीची सही त्यांचीच. मॅनेजरसाहेब त्यांना 'कारभारी' म्हणत आणि कपबशीत चहा देत. ती कपबशी दादांनी वाडीत इतक्यांदा वर्णन करून सांगितली होती की तिच्यावरचं निळं फूल आम्हा पोरांनाही पाठ होतं. 'माझ्या शब्दाव ब्यांक चालती,' असं ते म्हणत आणि तात्या मान डोलावत म्हणे, 'खरं हाय दादा.' मला तेव्हाही थोडं हसू यायचं. आमचे दादा माणूस सोन्यासारखे, पण मोठेपणाची हौस भारी.

धरणाची बोलवा तेव्हाही होती, पण आम्ही जन्मल्यापासून होती. दर दोन-तीन वर्षांनी साहेब लोक लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन येत, डोंगराच्या अंगाला आकडे रंगवलेले दगड रोवून जात. एकदा तर घरोघर मोजणी करून याद्या नेल्या. पुढे काहीच झालं नाही. त्या दगडांना लोक म्हशी बांधत आणि काकी कुरडया वाळत घालायचं जुनं लुगडं त्यांनाच अडकवायची. 'व्हईल तवा व्हईल' यापलीकडे कोणी बोलत नसे. भ्यायचा तो फक्त तात्या. त्याचा थोरला बाळू लग्नाला आला होता आणि मुलीकडच्यांनी सांगितलं होतं की आधी घर बांधा, मग सोयरिकीचं बोलू. दोन खोल्यांत सात माणसं, त्यांचंही चूक नव्हतं. तात्यानं ऐनाची लाकडं जमवून घरामागे पाल्याखाली झाकून ठेवली होती, दोन वर्षं. बांधावं म्हटलं की त्याला तो आकड्यांचा दगड दिसायचा.

गिरणीच्या कर्जाच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला बँकेत जायचं होतं, तेव्हा शाळेला सुट्टी होती म्हणून दादांनी मला बरोबर नेलं. त्यांना सही यायची, अक्षरं लावून लावून वाचता यायचं, पण बँकेचा कागद म्हटला की वाचणारं माणूस जवळ हवं. मी घोडेगावच्या वसतिगृहात राहून शिकत होते, त्याचाही त्यांना कोण अभिमान. धुतलेलं धोतर, नवी टोपी. बँकेत साहेबांनी बसायला सांगितलं. चहा आला, निळ्या फुलाची कपबशी मी पहिल्यांदा पाहिली. साहेब मात्र दादांकडे बघत नव्हते. टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत होते.

'कारभारी, गिरणीचं काम होत नाही,' ते म्हणाले.

'कागुद कमी पडला का काही? पोरगी हाय संगं. लिवून देती.'

'कागद सगळे बरोबर आहेत. तुमच्यात काही खोट नाही. तुमची जमीन धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे. तिच्यावर आता कर्ज द्यायचं नाही, असं वरून आलंय. तुमच्याच नाही, सगळ्या वाडीच्या.'

दादा हसले. त्यांना ती थट्टा वाटली असावी. 'सायेब, धरान तर आमच्या बापापास्नं व्हतंय,' ते म्हणाले.

'या वेळी होतंय,' साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून त्यांनी पुढचं सांगितलं, आणि ते मला शब्दन्‌ शब्द आठवतं. 'वाडीत जाऊन सांगा लोकांना. म्हणावं, नवीन काही बांधू नका. तुमचं ऐकतील ते.' मग त्यांनी टाइप केलेला एक कागद दादांच्या हातात दिला. चहावर साय धरली होती. दादांनी तो तसाच ठेवला.

बाहेर चिंचेखाली बसून त्यांनी मला कागद वाचायला सांगितला. मी वाचला. मग म्हणाले, परत वाच. मी परत वाचला. त्यात आमच्या वाडीचं नाव होतं, दादांचं पूर्ण नाव होतं आणि अर्ज नामंजूर केल्याचं लिहिलं होतं. कारणही साहेबांनी सांगितलं तेच. दादांनी कागदाची बारीक घडी घातली आणि टोपीच्या आत सारली. एसटीत त्यांनी दोनदा टोपी चाचपली. पायवाटेला लागल्यावर अर्ध्या चढणीवर थांबले आणि म्हणाले, 'हौसे, काय सांगायचं गं वाडीला? मला माघारी लावला म्हनून? मला?' मला वाटलं धरणाबद्दल विचारतात. पण त्यांच्या मनात धरण नव्हतंच. इतक्या वर्षांची बँक, आणि तिनं त्यांना बाहेर काढलं, एवढंच त्यांना दिसत होतं. थोडं चालल्यावर म्हणाले, 'म्या सांगन काय ते. तू मधी बोलू नगंस.'

दिवस कलायच्या आत आम्ही पोचलो. अंगणात सात-आठ जण वाट बघत बसलेले, तात्या सगळ्यांत पुढे. आईनं पाणी आणलं. ती ओट्याच्या कडेला उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून. तात्यानं विचारलं, 'काय झालं दादा गिरनीचं?'

दादांनी टोपी काढली नाही. पाण्याचा तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, 'मंजूर झालंय.' बायकांमध्ये कुजबुज झाली. आईचा चेहरा मी पाहिला, तो अजून पाहते. मग दादा म्हणाले, 'पर म्याच न्हाई घेतलं. व्याज लई लावत्यात. सायेब लई मागं लागला, घ्या कारभारी म्हनून. म्या म्हनलं, पुढं बगू.'

तात्या खालच्या मातीत काटकी ओढत बसला होता. त्यानं हळूच विचारलं, 'म्हंजी ब्यांक आपल्या जमिनीव पैसं द्याया तयार हाय?'

दादा म्हणाले, 'हाय की.'

'मंग पानी येत न्हाई,' तात्या म्हणाला. 'ब्यांकंला समदं ठावं असतं. ती कशापाई पान्यात पैसं घालंल?' त्यानं काटकी फेकून दिली आणि तोंड भरून हसला. त्याला असं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आणखी कोणीतरी म्हणालं, बरोबर हाय, ब्यांक काय येडी हाय का. मग सगळेच मोकळेपणानं बोलायला लागले. दादांनी तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. ते काहीतरी सांगणार होते. पण तेवढ्यात तात्या उठला, त्यांच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, 'दादा, तुज्यामुळं कळलं बग. आता मी घर घालतो.' दादांनी त्याला उठवलं. बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझं वय लहान होतं, बापानं बजावलं होतं, मोठ्यांत बोलायची रीत नव्हती, ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी टोपीतला कागद काढून चुलीत घातला. आई भाकरी भाजत होती. तिनं विचारलं कसला कागद, तर म्हणाले, एसटीचं जुनं तिकीट. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तिकीट केवढं असतं हे तिलाही ठाऊक होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्या दिवसापासून तिनं खांदा दुखतो हे म्हणणंही सोडलं.

तात्यानं म्हशी विकल्या. काकीच्या हातातले चांदीचे गोठ गेले, कौलं आली. ती डोक्यावरून आणायची म्हणून सगळी वाडी रांगेनं चढण चढत होती. सगळ्यांत जास्त खेपा दादांनी केल्या. स्वतःचं काम टाकून ते दिवसभर तिकडे राबत, दगड फोडत, माती तुडवत. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. एकदा जोतं बांधून होत आलं असताना कुडाच्या फटीतून मी त्यांना बोलताना ऐकलं. 'धोंडू, औंदाच्या वर्साला ऱ्हाऊ दे का? पुढच्या साली घालू वरचं काम.' तात्या म्हणाला, 'आता कशाला थांबायचं दादा? पोरीकडचं तारीख मागत्यात.' दादा बरं म्हणाले. त्यांनी एवढाच प्रयत्न केला. मी त्यांना याबद्दल माफ केलं की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. काही दिवस वाटतं केलं. काही दिवस नाही वाटत.

आमच्याकडे घराची मधली मेढ, म्हणजे ज्यावर सगळं छप्पर तोलतं तो खांब, भावकीतल्या वडीलधाऱ्यानं रोवायचा असतो. खड्ड्यात मूठभर नवे तांदूळ टाकायचे, खांबाला दोन्ही हात लावायचे आणि मोठ्यानं तीनदा म्हणायचं, 'हितंच ऱ्हा, हलू नगंस.' वाडी भोवती उभी होती. हा मान दादांचा होता. त्यांनी तांदूळ टाकले. पहिल्यांदा म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्यांदा आवाज बसला. तिसऱ्यांदा त्यांना खोकला आला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग सगळ्या वाडीनंच एका सुरात ते म्हणून टाकलं. काकीनं त्यांना पाणी दिलं. ती म्हणाली, 'भाऊजींना भरून आलं.' मी तेव्हा सगळ्यांच्या मागे उभी होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

सांगायची संधी मलाही मिळाली होती, हे इथे लिहायला हवं. नव्या घराची जमीन सारवायला मी काकीच्या मदतीला गेले होते. दोघीच होतो. काकी उकिडवी बसून शेणाचा हात फिरवत होती, प्रत्येक हाताची कमान एकसारखी. मी म्हटलं, 'काकी, ते आकड्याचं दगड हायेत ना, ते आपल्या घराच्या वर हायेत. पानी आलं तर तितपोत्तर येईल.' काकी हसली. 'येत न्हाई गं पानी. तुज्या दादानं सांगितलंय की, ब्यांक पैसं देती म्हनून.' आणि परत सारवायला लागली. मी पाण्याची बादली आणायला बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाही. पुढे मी शिक्षिका झाले. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. वर्गात ते वाक्य आलं की मी खिडकीबाहेर बघायचे, हे माझ्या हाताखालून गेलेल्या कोणाला आठवत असेल तर असो.

त्या घरात बाळूचं लग्न झालं आणि दोन पावसाळे गेले. मग साहेब लोक आले ते परत गेलेच नाहीत. नुकसानभरपाईच्या वेळी त्यांनी जुनी मोजणीची यादी काढली. तात्याच्या नावासमोर दोन खोल्या कुडाच्या, एवढंच होतं. नवं घर मोजणीनंतरचं, त्याचं काही मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तात्या हात जोडून म्हणाला, 'सायेब, घर डोळ्याम्होरं हाय की. वर कौलं हायेत. बगा तरी.' साहेबांनी बघितलंही. पण लिहिलं नाही. दादा तात्याच्या मागे चार पावलांवर उभे होते. तात्या वळून त्यांना म्हणाला, 'दादा, तू सांग की यानला.' दादांनी साहेबांना काहीतरी सांगितलं, काय ते मला ऐकू आलं नाही. घर उतरवताना पुन्हा सगळ्यांत जास्त दादाच राबले. कौलं अर्धी फुटली. मधली मेढ निघाली नाही, तिला तिथेच ठेवून आलो.

पुनर्वसनात आम्हाला जुन्नरच्या बाजूला प्लॉट मिळाला आणि तात्याला दोन गावं पलीकडे. आता मधे कुड नव्हता, एसटीचा रस्ता होता. आईला गिरणी मिळाली, चालत पाच मिनिटांवर. ती तिथे भात टाकून घरी यायची आणि अंगणात नुसती बसून राहायची. दादा पुन्हा कधी बँकेची पायरी चढले नाहीत. माझा पहिला पगार झाला तेव्हा पासबुक त्यांच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. म्हातारपणी त्यांना विसर पडायला लागला. भर दुपारी उठून बसायचे आणि विचारायचे, 'हौसे, धोंडूला सांगितलं का?' मी म्हणायचे, 'सांगितलं दादा.' ते म्हणायचे, 'मंग थांबला का त्यो?' मी म्हणायचे, 'थांबला.' तेवढ्यानं ते परत आडवे व्हायचे. दिवसातून चार-चार वेळा हे चालायचं, शेवटपर्यंत.

ते गेले. दहावा झाल्यावर मी एकटीच तात्याकडे गेले. तात्या दहाव्याला घाटावर आला होता, पण चारचौघांत ते बोलता येण्यासारखं नव्हतं. पत्र्याच्या दोन खोल्या, बाळूचा संसार एकीत, तात्या आणि काकी दुसरीत. तात्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी त्याच्या खाटेशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. बँक, साहेब काय म्हणाले ते, चिंचेखाली दोनदा वाचलेला कागद, टोपी, चूल. दादांना सांगायचं होतं, त्यांच्यानं झालं नाही, आणि मला ठाऊक असून मीही गप्प बसले. हे सगळं मी रडत सांगितलं. काकी चुलीशी होती, तिचा हात थांबला होता.

तात्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

'न्हाई गं पोरी,' तो म्हणाला. 'तू लहान व्हतीस. तुला नीट वाचता आलं नसंल.'

मी म्हटलं, 'तात्या, मी दोनदा वाचला.'

'इंग्रजीत बिंग्रजीत आसंल काही. दादाला मंजूर झालं व्हतं. माज्याम्होरं सांगितलं त्यानं. आन्‌ दादा मला खोटं कशाला बोलंल?'

माझ्याकडे कागद नव्हता. काकीकडे बघितलं तर ती पदरानं तवा पुसत होती आणि तवा केव्हाच पुसून झाला होता. तात्याला खरंच पटलं नव्हतं, की इतक्या वर्षांनंतर पटवून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. तो त्यानंतर वर्षभर होता. मी चार वेळा जाऊन आले, पण त्यानं तो विषय निघू दिला नाही. त्या दिवशी मात्र तो काकीकडे वळून म्हणाला, 'पोरीला जेवाया वाढ. बाप गेलाय तिचा, तिला काय बी आठवतंय.' काकीनं ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसून राहिली. मी जेवले. तिनं आणखी भात वाढला, तोही खाल्ला.